खोकल्यासकट

१२ सप्टेंबर २०२३, मंगळवार. सकाळपासून आभाळ भरलेले, पाऊस मात्र नाही. दुपारी तेरावे प्रकरण झाले. तेवढा वेळ फ्रिज बंद; दूध ठीक. वाचताना ह्यांना तीनदा खोकला आला. पुन्हा वाचा म्हटले, तर नको म्हणाले. संध्याकाळी माधवी येऊन प्रकरण मोबाइलवर घेऊन गेली. रात्री गवार, भाकरी.

एवढे लिहून अनसूयाबाईंनी डायरी मिटली आणि पेनाला टोपण लावले. लग्नाच्या आधीपासून त्या रोज डायरी लिहीत आल्या होत्या. पुण्याच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर सांगत, घडले ते वहीत लिहावे आणि वाटले ते देवाला सांगावे. त्यामुळे डायरीत पाऊस असे, पाहुणे असत, भाजी असे, मन नसे. त्या दिवशी त्यांना वाटले होते ते एवढेच, की हा खोकला धुळीचा नाही. ते त्यांनी लिहिले नाही.

फ्रिजचा आणि वाचनाचा संबंध असा होता. रमाकांत खळदकर, म्हणजे अनसूयाबाईंचे यजमान, त्या पावसाळ्यात एक जुनी, सव्वाशे वर्षांपूर्वीची जाडजूड कादंबरी मोबाइलवर वाचून ठेवत होते. वाचायची जागा बारामतीतल्या त्यांच्या फ्लॅटची आतली खोली. खिडक्या लावायच्या, दारावर गोधडी टाकायची, पंखा बंद करायचा. एवढे करूनही पहिल्या दिवशी ऐकून पाहिले तर शब्दांच्या मागे भुंगा गुणगुणत होता. तो भुंगा म्हणजे भिंतीपलीकडचा फ्रिज. तेव्हापासून वाचन सुरू होण्याआधी अनसूयाबाई फ्रिजचे बटण बंद करीत आणि संपल्यावर चालू करीत. रमाकांत म्हणत, आपल्या घरात साहित्यासाठी त्याग केला तो फक्त दह्याने.

रमाकांत काही नावाजलेले गृहस्थ नव्हते. वालचंदनगरला नोकरी झाली, स्टाफ क्वार्टर्समध्ये संसार झाला, निवृत्तीनंतर बारामतीत दोन खोल्या घेतल्या. त्यांच्यात चारचौघांपेक्षा वेगळे असे एकच होते, त्यांचा आवाज. कॉलनीच्या गणपतीत निवेदन त्यांचे, कुणाच्या निरोपसमारंभात मानपत्र वाचणार ते. तो आवाज फार मोठा नव्हता, पण सगळ्यात मागच्या माणसाला वाटे की हा आपल्याशीच बोलतोय. मंडईत मेथीचा भाव विचारला तरी दोन माणसे वळून बघत.

अनसूयाबाई त्या आवाजाच्या पहिल्या विद्यार्थिनी. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांचे शिक्षण सगळे इंग्रजीतले. मराठी घरात बोलण्यापुरते आणि किराण्याच्या यादीपुरते. जुने मराठी पुस्तक उघडले की त्यांना दारातच ठेच लागे. मग संध्याकाळी त्या तांदूळ निवडत आणि रमाकांत समोर बसून वाचत. अडलेल्या शब्दाचा अर्थ त्या विचारीत, तर ते सांगत नसत. म्हणत, ओढा ओलांडताना प्रत्येक दगडाचं नाव विचारतेस का? पाय टाक आणि पुढे चल. अशी वर्षे गेली आणि एक दिवस अनसूयाबाईंच्या लक्षात आले की आपल्याला सगळे कळते. कुणी विचारले की तुम्ही ही पुस्तके वाचलीत का, तर त्या खरे सांगत, “वाचली नाहीत. ऐकली आहेत.”

म्हणूनच वरच्या मजल्यावरची माधवी जेव्हा तिच्या शाळेतल्या मुलांचे रडगाणे घेऊन आली, तेव्हा दोघांनाही ते परके वाटले नाही. माधवी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. शाळा भिगवणच्या पुढे, उजनी धरणाच्या पाण्याच्या काठावरच्या एका वस्तीत. रोज स्कूटरवरून जाई-येई. मुले मासेमारी करणाऱ्यांची, काही शेतावर राबणाऱ्यांची. धडा वाचतानाच अडखळत, मग पुस्तक कुठले हातात धरणार? तिने एक स्पीकर आणला होता आणि मोबाइलवरच्या गोष्टी लावून पाहिल्या होत्या. त्या गोष्टी मुलांसाठी म्हणून सोप्या केलेल्या, मागे वाद्ये वाजताहेत, अर्ध्या तासात अख्खी कादंबरी खलास. रमाकांतांनी त्यातली एक ऐकली आणि बंद केली.

“हे पुस्तक नव्हे,” ते म्हणाले, “ही पुस्तकाची बातमी झाली.”

मग त्यांनी कपाटातून ती कादंबरी काढली. गोष्ट साधीच. केशव नावाच्या मुलाचा बाप एके दिवशी घर सोडून जातो. कुणी म्हणते संन्यास घेतला, कुणी म्हणते मेला. मुलगा त्याच्या शोधात पायी काशीला निघतो. पण भाषा अशी की एक वाक्य सुरू झाले की पान उलटल्याखेरीज संपायचे नाही. माधवी बिचकली. रमाकांत म्हणाले, शब्द कठीण आहेत, चालणं कठीण नाही. पोरं चालत येतील.

जुलैत ते स्वतः वस्तीवर गेले, पहिले प्रकरण समोर बसून वाचले आणि पुढचे सगळे मीच वाचणार, असा मुलांना शब्द देऊन आले. त्यानंतर दर आठवड्याला एक प्रकरण शाळेतल्या स्पीकरवर लागू लागले. पहिल्या महिन्यात मुले पेंगली. दुसऱ्या महिन्यात माधवी हसत सांगत आली, की सिद्धू नावाच्या वात्रटाला अंगठे धरायला लावले तेव्हा तो म्हणाला, “मॅडम, माजी यत्किंचितबी चूक न्हाय.” रमाकांतांना हे इतके आवडले की रात्री जेवताना त्यांनी यत्किंचित आमटी मागितली.

वर्गात छकुली नावाची सहावीतली एक मुलगी होती. ती पेंगली नाही आणि हसलीही नाही. तिचा बाप भीमा दोन वर्षांपूर्वी ‘आलोच’ म्हणून जाळी काढायला पाण्यात गेला, वारे सुटले आणि होडी रिकामी सापडली. भीमा सापडला नाही. आई माहेरी गेली ती तिकडचीच झाली. छकुली आजीपाशी, प्रयागबाईपाशी असे. प्रयागबाई भिगवणला हायवेच्या कडेला मासे विकायची. माधवी सांगे, प्रकरण संपलं की बाकीची पोरं मैदानात पळतात, ही स्पीकरपाशी येऊन विचारते, “पुढच्यात घावंल का त्यो?” तो म्हणजे केशवचा बाप.

ऑक्टोबरात पुण्याच्या डॉक्टरांनी घशात दुर्बीण घालून पाहिले आणि सरळ सांगितले. स्वरयंत्र काढावे लागेल, आणि लवकर. रमाकांतांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग विचारले, महिनाभर थांबलं तर? डॉक्टर म्हणाले, थांबू नये असं मी म्हणेन. थांबल्यावर काय होईल ते मी सांगू शकत नाही, कोणीच सांगू शकत नाही.

घरी आल्यावर हैदराबादहून मुलाचा, कुशलचा, फोन आला. तो चिडला होता आणि घाबरलाही होता. पुस्तक काय, कोणीही वाचेल, असे तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. रमाकांतांनी त्याला बोलू दिले.

“कोणीही वाचेल, खरंय,” ते शेवटी म्हणाले. “पण त्या पोरांना मी सांगून आलोय की मी वाचेन. त्यातल्या एकीच्या बापानं ‘आलोच’ म्हणून सांगितलं होतं, आणि तो आला नाही. आता मीही तसंच करू?”

अनसूयाबाई दाराशी उभ्या होत्या. नवऱ्याच्या बाजूने बोलावे की मुलाच्या, हे त्यांना ठरवता आले नाही. फोन ठेवल्यावर त्यांनी एवढेच विचारले, की अजून किती राहिलंय? ते म्हणाले, दिवाळी झाली की संपेल. दुसऱ्या दिवसापासून फ्रिज दिवसातून दोनदा बंद होऊ लागला.

ती दिवाळी घरात आली तशी गेली. फराळाचे त्यांना गिळवत नव्हते, म्हणून अनसूयाबाईंनी फक्त चकल्या केल्या, त्याही शेजारी वाटायला. वाचन मात्र चालूच राहिले. दर पानाला खोकला येऊ लागला. आधी त्या थांबवून म्हणत, हा भाग पुन्हा घेऊ या. नंतर त्यांनी म्हणणे सोडले, कारण पुन्हा घेतले की ताकद दुप्पट जाई आणि खोकला पुन्हा तिथेच येई. बाहेर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला होता. उसाच्या ट्रॉल्या गाणी वाजवीत जात, त्या गेल्या की वाचायचे, पुन्हा आल्या की थांबायचे.

शेवटचे प्रकरण असे आहे. काशीच्या घाटावर केशवला एक म्हातारा संन्यासी दिसतो. कपाळावर तीच खोक, जी आईने सांगितलेली. केशव पाय धरतो आणि विचारतो, आपण माझे तीर्थरूप ना? संन्याशाने घर सोडताना स्वतःचे श्राद्ध स्वतःच केलेले असते. त्याला मुलगा नाही, बायको नाही. तो बराच वेळ मुलाकडे बघतो आणि म्हणतो, “बाळा, तुझा पिता या घाटावर नाही.” मुलाच्या ओंजळीत कमंडलूतले पाणी घालतो आणि पायऱ्या चढून निघून जातो. तो बाप होता की नव्हता, हे पुस्तक सांगत नाही.

त्या वाक्यापाशी आल्यावर रमाकांतांना असा खोकला आला की अनसूयाबाई पाण्याचा पेला घेऊन उठल्या. रमाकांतांनी हातानेच त्यांना बसवले. खोकला सरला, आणि सरता सरता उरलेल्या आवाजात, जवळजवळ श्वासानेच, ते म्हणाले, बाळा, तुझा पिता या घाटावर नाही. पुढची दीड पाने वाचली. मग स्वतःच बोट पुढे करून मोबाइल बंद केला. अनसूयाबाई फ्रिज चालू करायला गेल्या आणि ओट्याला टेकून थोडा वेळ तिथेच उभ्या राहिल्या.

डिसेंबरात ऑपरेशन झाले. रमाकांत घरी आले ते गळ्याला भोक आणि हातात पाटी घेऊन. पाटी खरोखरची, दगडी, मंडईच्या मागच्या दुकानातून आणलेली. मोबाइलवर टाइप करणे त्यांना आवडत नसे. त्या पाटीवर ते चहा लिहीत, पेपर लिहीत, एकदा ‘भाजीत मीठ नाही’ असेही लिहिले. वस्तीवर त्यांचा आवाज आठवड्याच्या आठवड्याला वाजतच होता. घरात नसलेला आवाज तिकडे पाण्याच्या काठावर मुले ऐकत होती, आणि माधवी त्याच्या बातम्या घेऊन येत होती.

जानेवारीत एकदा ती आली ती जिना चढतानाच हसत होती. छकुलीने म्हणे एक शोध लावला होता. आबा, म्हणजे मुलांचे रमाकांत, कधी खोकतात, हे तिला कळले होते. सुरुवातीच्या प्रकरणांत खोकला अजिबात नव्हता, कारण तेव्हा केशवचा बाप फार लांब होता. तेराव्या प्रकरणात केशव ज्या धर्मशाळेत उतरतो, तिथून बाप आदल्याच दिवशी निघून गेलेला, आणि तिथेच पहिल्यांदा खोकला आला. जसजसा केशव काशीजवळ चाललाय, तसतसा खोकला वाढत चाललाय.

“ती सगळ्या वर्गाला सांगते,” माधवी म्हणाली, “‘बाप जवळ आला की आबा खोकत्यात. बोलून दावायचं नसतंय, म्हनून खोकत्यात.’ आता पोरं गोष्टीपेक्षा खोकल्याकडंच कान लावून बसतात, काका.”

रमाकांत हसले. त्यांच्या हसण्याला आता आवाज नव्हता, नुसते खांदे हलत. मग ते एकदम थांबले. त्यांनी पाटी ओढली, लिहिले आणि दोघींकडे वळवली. ‘तिला सांगू नका. शेवटी आहे.’

माधवीला कळले नाही. अनसूयाबाईंना कळले. शेवटच्या प्रकरणात, नेमका त्या वाक्यावर, खोकला आहे. पुस्तक जे सांगत नाही, ते त्या मुलीला कळेल. बाप भेटला, आणि गेला, हे तिला एकदाचे ऐकू येईल. रमाकांतांनी त्या दिवसापासून आठवडे मोजायला सुरुवात केली. माधवी आली की ते पाटीवर फक्त प्रकरणाचा आकडा आणि प्रश्नचिन्ह काढीत.

मार्च लागला आणि शेवटचे एकच प्रकरण राहिले असताना ते गेले. दुखणे पसरले होते. महिनाभर आधी काढले असते तर वाचले असते का, हे कुशलने डॉक्टरांना विचारले. डॉक्टरांनी आधीचेच उत्तर दिले. दिवसकार्य झाले, कुशल परत गेला, आणि अनसूयाबाई माधवीच्या पावलांची वाट बघू लागल्या. शेवटचे प्रकरण लागले का, मुलगी काय म्हणाली, एवढेच त्यांना ऐकायचे होते. माधवी आली ती जिन्यात दोनदा थांबून.

प्रकरण लागले नव्हते. आबा गेल्याचे वस्तीत कळले होते आणि प्रयागबाई शाळेत येऊन सांगून गेली होती, की मेलेल्या माणसाचा आवाज लेकरांच्या कानात घालायचा नाही. तिच्या मागे आणखी चार बाया होत्या. मुख्याध्यापकांनी स्पीकर कपाटात ठेवला होता.

अनसूयाबाई कुणाकडे कधी काही मागायला गेल्या नव्हत्या. पण पुढच्याच रविवारी त्या माधवीबरोबर भिगवणला गेल्या. प्रयागबाई हायवेच्या कडेला बर्फावर मासे मांडून बसली होती, डोक्यावर फाटकी छत्री बांधलेली. माधवीने ओळख करून दिली. प्रयागबाईने हात पदराला पुसले, गोणपाटाची घडी पुढे सरकवली आणि आधी त्यांच्या कपाळाकडे पाहिले. मग म्हणाली, “बसा.”

अनसूयाबाईंनी सांगितले. पुस्तकाचे सांगितले, शेवटच्या प्रकरणाचे सांगितले, हे सगळे रमाकांतांनी कोणत्या दुखण्यात वाचले तेही. खोकल्याचे मात्र सांगितले नाही. तिला सांगू नका, हे पाटीवरचे शब्द त्यांच्या मनात होते, आणि ते आजीलाही लागू आहेत असे त्यांनी धरले. प्रयागबाईने मान खाली घालून ऐकले. मधे एका गिऱ्हाईकाला नाही म्हणून लावून दिले.

“तुमी शिकलेली मान्सं,” ती म्हणाली. “तुमच्या मालकांनी माज्या नातीसाठी जीव घातला, त्ये मला कळतंय. पर ऐका. आमच्या भीमाचा आवाज फोनात व्हता. ‘आलोच’ म्हनलेला. पोरगी दिसभर त्यो लावायची. जेवताना लावायची. मलाबी वाटायचं, लावू दे. मंग एक दिस पान्याच्या कडंला जाऊन बसली. आलोच म्हनलाय की, म्हनली. दिस बुडस्तवर उठंना. तवा मी दुकानात जाऊन त्यो आवाज पुसून आनला. दोन म्हैनं पोरगी माज्याशी बोलली न्हाय.” तिने एक मासा उचलून दुसऱ्या बाजूला ठेवला. “आता कुठं जरा माणसात आलीया. परत तिच्या कानात मेलेल्याचा आवाज घालू व्हय?”

अनसूयाबाईंना राग आला असता तर बरे झाले असते, पण आला नाही. त्या म्हातारीच्या जागी त्यांनीही हेच केले असते. मग त्यांनी विचारले, “मी पुस्तकातून वाचलं तर?”

“तुमी जित्या हाय की,” प्रयागबाई म्हणाली. “तुमी वाचा. मीबी यीन ऐकायला.”

घरी येऊन त्यांनी कादंबरी काढली आणि पहिल्यांदाच स्वतःच्या तोंडाने त्यातले वाक्य वाचले. दारातली ठेच अजून तिथेच होती. ऐकताना जे पाण्यासारखे वाहिले होते, ते वाचताना दगडगोटे होऊन पायात येत होते. कुठे थांबायचे ते कळेना. रमाकांतांचे वाचन लावून त्याच्यामागून म्हणावे, असे मनात आले. पण मोबाइल हातात घेतला आणि परत ठेवला. ते गेल्यापासून तो आवाज त्यांनीही अजून ऐकला नव्हता.

एप्रिलमध्ये शाळा सकाळची झाली होती. जायच्या दिवशी त्या पहाटे उठल्या, अंघोळ केली आणि आतल्या खोलीत बसून शेवटचे प्रकरण दोनदा मोठ्याने वाचून पाहिले. खिडक्या लावलेल्या होत्या, पंखा बंद होता. मग माधवीने खालून हॉर्न दिला आणि त्या पुस्तक, चष्मा, पाण्याची बाटली पिशवीत घालून निघाल्या. मोबाइल पिशवीत होताच.

वर्गात मुले जमिनीवर बसली होती. छकुली खिडकीखाली, गुडघे छातीशी घेऊन. हडकुळी, तेलाने चोपलेल्या दोन वेण्या, डोळे सरळ समोर. प्रयागबाई दारात उंबऱ्यावर टेकली. खिडकीतून पाणी दिसत होते, उन्हाळ्याने पार आत गेलेले, आणि मधे नुसता भेगाळलेला गाळ.

अनसूयाबाईंनी वाचायला सुरुवात केली. सिद्धूने मागून सांगितले, “आजी, जरा मोट्यानं. आबा हितवर ऐकू यायचे.” त्यांनी आवाज वाढवला. दोन ठिकाणी अडखळल्या, एका ओळीवरून दुसरीवर घसरल्या, परत आल्या. मुले चुळबुळली नाहीत. घाट आला, कपाळावरची खोक आली, केशवने पाय धरले. वर्गातली सगळी पोरे पुढे झुकली आणि अनसूयाबाईंच्या लक्षात आले की ती शब्दांसाठी झुकलेली नाहीत. ती वाट बघताहेत.

एक क्षण त्यांना वाटले, आपण खोकावे. घसा कोरडा पडलाच होता. कुणाला कळले नसते. पण पुस्तकात नसलेले वाचायचे नाही, असे रमाकांत म्हणत. आणि त्यांचा खोकला खरा होता. तो उसना घेऊन ह्या मुलीपुढे ठेवणे त्यांना जमले नाही. त्यांनी वाक्य जसे होते तसे वाचले, स्वच्छ, न अडखळता. बाळा, तुझा पिता या घाटावर नाही. पुढची दीड पाने वाचली आणि पुस्तक मिटले.

मग छकुलीने विचारले, “संपलं?”

“संपलं.”

“त्यो बाप न्हवता मंग.” ती हे अनसूयाबाईंना नाही, स्वतःलाच सांगत होती. “जवळ असता तर कळलं असतं.” तिने खिडकीतून बाहेर पाहिले. तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी उजळल्यासारखे झाले, आणि ते बघवत नव्हते. “म्हंजी आसंल त्यो. आजून कुठंतरी आसंल.”

माधवीने वर्ग सोडला. मुले पळाली. छकुली सगळ्यांच्या मागून गेली, मैदानाकडे नाही, खाली पाण्याच्या बाजूला.

प्रयागबाई उंबऱ्यावरून उठली नाही. नात कुठे गेली ते तिने पाहिले होते. थोड्या वेळाने तिने विचारले, “कशाची वाट बगत व्हती सगळी पोरं?”

आता लपवून काही उरले नव्हते. अनसूयाबाईंनी तिला खोकल्याचे सगळे सांगितले. छकुलीचा शोध, पाटीवरचे शब्द, आणि आवाजात नेमका त्या जागी आलेला खोकला.

“म्हंजी त्येंच्या आवाजात आयकलं असतं,” प्रयागबाई सावकाश म्हणाली, “तर पोरीला कळलं असतं, भेटला आन् गेला.”

“हो.”

“आन् म्याच बंद केलं.”

“तुम्हाला कुठं माहीत होतं? मी सांगितलं नव्हतं.”

प्रयागबाईने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. ती रडत नव्हती. खाली पाण्याकडे बघत होती, जिथे गाळाच्या कडेला दोन वेण्यांचे डोके दिसत होते. मग अनसूयाबाईंच्या पिशवीकडे बोट करून म्हणाली, “त्या फोनात हाय आजून?”

“आहे.”

“पुसू नगा. वरीस होऊ द्या. वरीस झालं की मंग बगू.” आणि ती गुडघ्यांवर हात रेटून उठली, नातीला आणायला निघाली.

अनसूयाबाई दुपारी घरी आल्या, पाणी प्यायल्या आणि तशाच आडव्या झाल्या. जाग आली तेव्हा ऊन कलले होते. चहा टाकायला उठल्या. मग दिवा लावून डायरी काढली, तारीख घातली. वस्तीवर जाऊन शेवटचे प्रकरण वाचले, असे लिहिले. त्याखाली आणखी एक ओळ लिहिली.

पहाटे वाचायला बसताना फ्रिज बंद केला होता, तो चालू करायचा राहिला. दूध नासले.